साबरमतीचा काठ

अहमदाबादेत १८६१ साली रणछोडलाल छोटालाल यांनी पहिली कापडगिरणी सुरू केली. त्याच्या कितीतरी आधीपासून छिपा रंगारी साबरमतीच्या प्रवाहात छापील कापड धूत असत. १९१८ च्या संपात गांधीजींच्या सभा याच नदीच्या वाळवंटात, बाभळीच्या झाडाखाली भरत. ३५ टक्के वेतनवाढीचा निर्धार तेथेच झाला. पुढे १९८० च्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. २०१२ मध्ये खुला झालेला नवा नदीकाठ देखणा आहे खरा. पण त्यातले पाणी नर्मदेच्या कालव्याचे, आणि काठावरच्या हजारो श्रमिक कुटुंबांना शहराच्या कडेला जावे लागले, कामापासून दूर. एलिस पुलाजवळची रविवारची गुजरी मात्र अजून भरते.