तेरेखोलचा किल्ला: एकच वास्तू, किती धनी!

पेडणे तालुक्यातील केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल लागते. नदीच्या उत्तर तीरावर असूनही हे गाव गोव्यात, आणि लगतचे रेडी मात्र सिंधुदुर्गात. नकाशातले हे कोडे पडले ते टेकडीवरच्या एका लहानशा किल्ल्यामुळे.

किल्ला सतराव्या शतकातला, सावंतवाडीकर खेम सावंत भोसल्यांचा. नदीच्या मुखावर नजर ठेवणे हे त्याचे मूळ काम. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने तो घेतला. त्याच वर्षी त्याने पेडण्यातलाच हळर्णचा किल्लाही जिंकला होता, आणि त्या विजयाबद्दल त्याला ‘अलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली. आपले हळर्ण असे थेट लिस्बनच्या दरबारी पोचले! त्याची नात पुढे याच पदवीने पोर्तुगीज कवयित्री म्हणून नावाजली; पेडणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा आला तो १७८८ साली.

नव्या धन्याने किल्ल्याच्या आत सेंट अँथनीचे चर्च उभारले. ज्या चौकात शिबंदी राहायची, तिथेच प्रार्थनाही होऊ लागली. मात्र त्यामुळे रक्तपात टळला नाही. १८३५ मध्ये बेर्नार्दू पेरीश द सिल्व्हा हा मूळचा गोमंतकीय गोव्याचा प्रीफेक्ट झाला आणि अवघ्या सतरा दिवसांत पदच्युत केला गेला. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तेरेखोलच्या शिबंदीची त्यानंतर कत्तल झाली.

किल्ल्याचा खरा मान मात्र विसाव्या शतकातला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली मोजके सत्याग्रही आत शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. दुसऱ्या दिवशी ते पकडले गेले. पण परक्या सत्तेच्या किल्ल्यावर एक दिवस का होईना आपले निशाण होते. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहात, हिरवे गुरुजींनी तेरेखोलच्या भूमीवर प्राण दिले. पनवेल-उरणकडचा एक शिक्षक इथवर चालत येतो आणि परत जात नाही, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगायला हवी.

१९ डिसेंबर १९६१ नंतर पहारा करण्याजोगी सरहद्दच उरली नाही. रिकाम्या पडलेल्या किल्ल्याचे पुढे हॉटेल झाले. शिबंदीच्या खोल्यांत पाहुणे उतरू लागले आणि खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावे पडली. अनेक इतिहासप्रेमींना हे रुचले नाही, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरी हळर्णकडे पाहावे. दोन्ही किल्ले एकाच वर्षी, एकाच माणसाने जिंकले. तेरेखोलला सतत कोणी ना कोणी राहत गेले, म्हणून छप्पर टिकले. हळर्णला कोणी राहिले नाही. तिथे झाडांनी तट फोडले, आणि सरकारची डागडुजी पोचली ती अगदी अलीकडे.

माझ्या मते प्रश्न हॉटेलचा नाहीच. तिरंगा फडकवणाऱ्यांनी दरवाजा ओलांडला तेव्हा त्यांच्याकडे कोणी खोलीचे भाडे मागितले नव्हते. आज मात्र किल्ला पाहायला गेलेला माणूस बहुधा गिऱ्हाईक म्हणूनच आत जातो. अपवाद एकच. वर्षातून एकदा सेंट अँथनीचे फेस्त येते, चर्चचे दार उघडते आणि तेरेखोलचे गावकरी नवे कपडे घालून सरळ आत शिरतात.