उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन : आर्द्रता व हिमथर यांच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा (१९७३ ते १९९१)

प्रस्तावना

शीत प्रदेशात घर उबदार राखणे आणि त्यातील हवा ताजी ठेवणे या दोन गरजा परंपरेने परस्परविरोधी राहिल्या आहेत. खिडकी उघडली की उष्णता जाते, बंद ठेवली की हवा कोंदट होते. बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या थंड हवेस देणारी उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन यंत्रणा हा या पेचावरील तोडगा होय. या यंत्रणेचा इतिहास बहुधा इंधनबचतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि तिच्या रचनेला खरे वळण दिले ते हवेतील बाष्पाने. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांत आणि जर्मनीतील डार्मस्टाट येथील प्रयोगांच्या आधारे या प्रश्नाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली. काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. घर तापवण्याच्या खर्चात बचत करण्यासाठी भिंती व खिडक्यांच्या फटी बुजवण्याकडे शीत देशांचे लक्ष वळले. या फटींतून उष्णता वाया जात असे हे खरे. परंतु त्याच वाटेने घरातील ओलसर हवाही बाहेर पडत असे. श्वसन, स्वयंपाक, स्नान व धुणे यांमुळे चार जणांच्या कुटुंबात दिवसाला साधारणतः १० लिटर पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. वाट बंद झाल्यावर हे बाष्प काचांवर व भिंतींच्या कोपऱ्यांत साचू लागले आणि बुरशीला आमंत्रण मिळाले. डिसेंबर १९८० मध्ये कॅनडाने युरिया-फॉर्मल्डिहाइड फोम या उष्णतारोधकावर बंदी घातली. त्यामुळे घरातील हवेची शुद्धता हा सार्वजनिक आरोग्याचा विषय ठरला.

रेजायना येथील प्रयोग

प्रांतिक शासनाच्या सूचनेवरून सस्कॅचेवान संशोधन परिषदेने १९७७ मध्ये रेजायना शहरात एक प्रायोगिक घर उभारले. हॅरॉल्ड ऑर व रॉब बेझंट हे या कार्यातील प्रमुख अभियंते होते. मूळ अपेक्षा सौर ऊर्जेवर चालणाऱ्या घराची होती. परंतु हिवाळ्यातील लहान दिवस आणि तीव्र थंडी लक्षात घेता, उष्णता मिळवण्याआधी ती गमावणे थांबवले पाहिजे, असा निष्कर्ष या गटाने काढला. त्यानुसार सुमारे ३० सेंमी जाडीच्या उष्णतारोधक भिंती बांधण्यात आल्या आणि नेहमीची भट्टी वगळण्यात आली. ५० पास्कल दाबाच्या चाचणीत या घरातील हवा तासाला केवळ ०.८ वेळा बदलत असे. इतक्या हवाबंद घरात यांत्रिक वायुवीजन अपरिहार्य होते. म्हणून प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांच्या दोन्ही बाजूंनी विरुद्ध दिशांना हवा वाहू देणारा उष्णता विनिमयक तेथे बसवण्यात आला.

हिमथराचे स्वरूप

२० अंश सेल्सिअस तापमान व ४० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेच्या एका घनमीटरात सुमारे ७ ग्रॅम बाष्प असते. तिचा दवबिंदू ६ अंशांच्या आसपास येतो. अशी हवा विनिमयकात त्याखाली थंड झाली की पाणी सुटू लागते. या संघननातून अप्रकट उष्मा मुक्त होतो व तो आत येणाऱ्या हवेस मिळतो. येथवर आर्द्रता लाभदायकच ठरते. मात्र पृष्ठभागाचे तापमान शून्याखाली गेल्यास तेच पाणी गोठते.

येथेच या तंत्रज्ञानातील मूलभूत विरोधाभास दिसून येतो. बाहेर उणे २५ अंश तापमान असताना ५० टक्के कार्यक्षमतेच्या विनिमयकातून बाहेर पडणारी हवा, संघननाची उष्णता न धरल्यास, उणे २.५ अंशांपर्यंत थंड होते. ८० टक्के कार्यक्षमता असेल तर उणे १६ अंशांपर्यंत. म्हणजेच विनिमयक जितका चांगला, तितका त्यात बर्फ अधिक. बर्फामुळे बाहेर जाणाऱ्या हवेचा मार्ग अरुंद होतो, उबदार हवा कमी पोहोचते आणि गोठण्याचा वेग वाढतो. आत येणारी हवा चालूच राहिल्याने घरातील दाब वाढून ओलसर हवा भिंतींच्या फटींत रेटली जाते. तेथे पाणी साचून लाकूड कुजण्याचा धोका निर्माण होतो.

उपाययोजना व त्यांचे मूल्य

सर्वांत सोपा उपाय बाहेरील हवा विजेवर आधी तापवण्याचा. परंतु त्यात वाचवलेल्या ऊर्जेचा काही भाग खर्ची पडतो. दुसरा उपाय आत येणाऱ्या हवेचा पंखा ठरावीक काळ थांबवून बाहेर जाणाऱ्या उबदार हवेने बर्फ वितळवण्याचा. त्यामुळे घरातील दाब घटतो आणि भट्टी असलेल्या घरात धुराड्यातील विषारी वायू उलट आत ओढला जाण्याची भीती असते. तिसऱ्या उपायात झडप फिरवून घरातीलच हवा विनिमयकातून खेळवली जाते. दाबाचा समतोल टिकतो, पण तेवढा वेळ ताजी हवा मिळत नाही.

१९८२ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या आर-२००० कार्यक्रमाने हवाबंद बांधणीबरोबर यांत्रिक वायुवीजनही आवश्यक मानले. पुढे सी-४३९ या कॅनेडियन चाचणी मानकात उणे २५ अंशांवरील चाचणीचा समावेश झाला. बर्फ वितळवण्यापायी ताज्या हवेत किती घट होते, हे त्यामुळे मोजता येऊ लागले.

डार्मस्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात वोल्फगांग फाइस्ट व स्वीडनचे बो अ‍ॅडमसन यांच्या विचारातून १९९१ मध्ये साकारलेल्या चार जोडघरांत वेगळा मार्ग निवडण्यात आला. तेथे बाहेरील हवा जमिनीत पुरलेल्या नळीतून आणली गेली. खोलवरची माती हिवाळ्यातही गोठत नसल्याने हवा विनिमयकापर्यंत पोहोचण्याआधीच कोमट होत असे.

यापेक्षा भिन्न विचार बाष्पच परत मिळवण्याचा होता. फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रॉम यांनी १९२० मध्ये बाष्पकांसाठी शोधलेल्या फिरत्या चक्राच्या तत्त्वाला ओलावा शोषणाऱ्या लेपाची जोड मिळाली. नंतर बाष्प झिरपू देणारे पडदेही आले. बाहेर जाणारी हवा कोरडी झाल्याने बर्फ कमी होतो. उणे २० अंशांची हवा २० अंशांपर्यंत तापवल्यास तिची सापेक्ष आर्द्रता ५ टक्क्यांच्या आसपास उतरते. परतलेला ओलावा घरातील हा कोरडेपणाही कमी करतो. तथापि लहान व दाटीच्या घरात तोच ओलावा अतिरिक्त ठरू शकतो.

निष्कर्ष

१) उष्णता-पुनर्प्राप्तीची कार्यक्षमता वाढली तसा हिमथराचा प्रश्न सुटला नाही, उलट तीव्र झाला.

२) प्रत्येक उपायाचे मूल्य ऊर्जा, ताजी हवा किंवा आर्द्रता यांपैकी कशात तरी मोजावे लागले. म्हणून केवळ कार्यक्षमतेच्या टक्केवारीवरून यंत्रणेचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.

३) योग्य उपाय हवामानावर अवलंबून असतो. मुंबईसारख्या दमट शहरात हिमथराचा प्रश्न उद्भवत नाही. तेथील वातानुकूलित इमारतीत ओलावा शोषणारे चक्र उलट दिशेने, म्हणजे बाहेरील बाष्प आत येऊ न देण्यासाठी, उपयोगी पडते.

४) हवाबंद घराच्या इतिहासात वाचलेल्या इंधनाबरोबरच रहिवाशांच्या श्वासाचा हिशेबही मांडला गेला पाहिजे.