सोमल: विषाचे औषध कसे झाले?

१/ १९७० च्या दशकाचा आरंभ. ईशान्य चीनमधील एक ग्रामीण वैद्य कर्करोगावर सोमल, पाऱ्याचा क्षार व भेकविष यांचे मिश्रण देत असल्याची वार्ता हार्बिनच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

२/ हान ताइयुन यांनी त्याचे इंजेक्शन सिद्ध केले. झांग टिंगडोंग यांनी एकेक घटक पारखला. पारा मूत्रपिंडास घातक, भेकविष रक्तदाब वाढवणारे. गुण सोमलाचा, तोही मुख्यतः रक्तकर्करोगाच्या एकाच प्रकारात: तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया.

३/ १९९० च्या दशकात शांघायच्या संशोधकांनी त्याचे कारण उलगडले: सोमल रोगाच्या मुळाशी असलेले प्रथिनच नष्ट करतो. २००० मध्ये अमेरिकेनेही औषधास मान्यता दिली.

४/ परंपरेने धागा दिला; औषध घडले ते निवड, मात्रा व चाचणीने. मूळ मिश्रणातील दोन घटक मात्र टाकावेच लागले.