करवतीची पुष्पिका

हस्तलिखिताचा कर्ता ठरवताना केवळ पुष्पिकेवर विसंबू नये, हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच सांगितले जाते. कारण नकलाकार कित्येकदा मूळ प्रतीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो. जुन्या ब्रिटिश करवतीचा निर्माता शोधतानाही हीच सावधगिरी लागते.

आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यालगत वसलेल्या आहुप्यासारख्या गावी एखाद्या माळ्यावर अशी करवत निघाली, तर नजर प्रथम मुठीवरच्या पितळी बिल्ल्याकडे जाईल. त्यावर राजचिन्ह आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ हे शब्द असतात. हे कोणाचे नाव नव्हे. अनेक कारखाने असेच बिल्ले वापरीत. पात्यावरचा ठसा अधिक बोलका, पण तोही फसवा. लोखंडी सामानाचे व्यापारी दुसऱ्याने घडवलेल्या करवतींवर आपले नाव उठवून घेत. नुसते ‘कास्ट स्टील’ वाचता आले, तर बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात शेफील्ड परिसरात हे पोलाद सिद्ध केले, त्यानंतरची ही वस्तू, एवढेच कळते. ‘लिमिटेड’ हा शब्द मात्र भरवशाचा साक्षीदार: मर्यादित दायित्वाचा ब्रिटिश कायदा १८५५चा, त्यापूर्वी तो शब्द असण्याचे कारण नाही. स्पिअर अँड जॅक्सनसारखे नाव स्पष्ट सापडले तरी काम संपत नाही. ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालले. म्हणून दशक ठरवायला कारखान्याचा पत्ता, मुठीचा घाट, तिचे पितळी स्क्रू हे सारे एकत्र वाचावे लागते.

जुन्नरजवळच्या हिवरे येथील सरकारी बाग सांभाळणारे अलेक्झांडर गिब्सन १८४७मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि या डोंगरांतले इमारती लाकूड सरकारी देखरेखीचा विषय बनले. लाकडाचा हिशेब दप्तरात राहिला; ते कापणाऱ्या हातांची नावे क्वचितच. आहुप्याच्या देवराईत तर कुऱ्हाड-करवत न चालवण्याचा लोकसंकेत, म्हणजे तिथे न कापलेले झाड हाच दस्तऐवज.

संग्राहकांची दृष्टी मला इथे अपुरी वाटते. ब्रिटिश करवत ढकलताना कापते, आपली पारंपरिक करवत ओढताना. एखाद्या सुताराने कानशीने दाते उलट दिशेला घडवून घेतले असतील, तर संग्राहक त्याला ‘बिघाड’ म्हणेल. पाठचिकित्सक त्याला पाठभेद म्हणेल, आणि शेफील्डच्या ठशाशेजारीच त्याचीही नोंद करील.