पाण्याचे क्लोरिनीकरण

पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन वायू किंवा क्लोरीन देणारे संयुग ठरावीक मात्रेत मिसळण्याची क्रिया. निवळून, गाळून नितळ झालेल्या पाण्यातही पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू असू शकतात. म्हणून शुद्धीकरण केंद्रातला हा साधारणतः अखेरचा टप्पा असतो.

इंग्लंडमधील लिंकन येथे १९०५ साली विषमज्वराची साथ आली, तेव्हा अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी शहराच्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट सोडले. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यासाठी जॉन लील यांनी १९०८ मध्ये बूंटन येथे कायमस्वरूपी क्लोरिनीकरण सुरू केले. पाण्यात ‘विष’ कालवण्याला तेव्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयातही गाजले. निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला.

क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे खरे काम तेच करते. पाण्याचा पीएच ७.५च्या वर गेला की निम्म्याहून अधिक आम्लाचे रूपांतर त्याहून बऱ्याच कमी प्रभावी आयनात होते. शिवाय लोह, अमोनिया, सेंद्रिय द्रव्ये क्लोरीनचा बराचसा भाग आधीच खाऊन टाकतात. त्यामुळे किती घातले यापेक्षा किती उरले याला महत्त्व आहे. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो.

मोठ्या केंद्रांत १०० किलोचे सिलिंडर किंवा सुमारे ९०० किलो द्रवरूप क्लोरीन मावणारे, आडवे ठेवायचे ‘टोनर’ वापरतात. टोनरच्या दोन व्हॉल्व्हपैकी एक बरोबर दुसऱ्याच्या वर येईल असा तो ठेवावा लागतो. वरच्यातून वायू, खालच्यातून द्रव येतो. वायू फार वेगाने ओढला तर टोनरवर हिम साचते आणि दाब उतरतो. अशा वेळी टोनर तापवणे हा जिवावर बेतणारा उद्योग होय. उपाय एकच, ओढ कमी करणे.

वायू मोजून सोडणारे यंत्र म्हणजे क्लोरिनेटर. इजेक्टरच्या अरुंद गळ्यातून पाणी वेगाने गेले की निर्वात निर्माण होतो, त्या ओढीने नियंत्रकाचा पडदा सरकून झडप उघडते आणि वायू काचेच्या रोटामीटरमधून वर जातो. नळीतला तरंगक कोणत्या रेषेवर थांबला, यावरून ताशी मात्रा कळते. नळी फुटली किंवा पाण्याचा पंप बंद पडला, तर निर्वात जातो, झडप मिटते आणि वायू आपोआप थांबतो. स्वयंचलित संचात पाण्याचा प्रवाह आणि विद्युतअग्राने मोजलेला शिल्लक क्लोरीन या दोहोंवरून मात्रा बदलत राहते. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असल्याने खोलीतला पंखा जमिनीलगत बसवतात. गळती शोधायला अमोनियाची बाटली पुरते: गळतीजवळ पांढरा धूर उठतो.

महाराष्ट्रातील खेड्यांत हेच काम टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, करते. हजार लिटरला ५ ग्रॅम हे रूढ प्रमाण. पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम मिळतो. पोते उघडे, ओलसर राहून तो २० टक्क्यांवर आला की जेमतेम १ मिलिग्रॅम. म्हणजे माप बरोबर, नोंदवही बरोबर, आणि पाणी मात्र अपुरे शुद्ध! नळाच्या पाण्यात ओटी द्रावण टाकून पिवळा रंग येतो का हे पाहण्याची चाचणी यासाठीच असते. ओटीतील ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असल्याच्या संशयामुळे आता गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्यांना पसंती मिळते.

क्लोरीनचा पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक संयुगे बनतात, हे १९७४ मध्ये नेदरलँड्समधील योहानेस रोक यांनी दाखवले. त्या भीतीने क्लोरीन बंद करणे मात्र शहाणपणाचे नाही. पाणी आधी नीट निवळणे हा त्यावरचा उपाय आहे. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला दादच देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात त्याने सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडले. त्याला गाळणीतच अडवावे लागते.