तारीख पडते!

कोर्टातल्या शब्दांत माझा सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘तारीख’. फिर्याद, वकील, मुद्देमाल ही सगळी बाहेरून आलेली पाहुणे मंडळी मराठीत येऊन घरचीच झाली. पण तारखेइतकी ऐसपैस मांडी कोणी घातली नाही. सावरकरांनी तिला ‘दिनांक’ हा चांगला प्रतिशब्द दिला. तो सरकारी कागदावर बसलाही. पण शिवाजीनगर कोर्टातून बाहेर पडणारा भोरचा किंवा जुन्नरचा पक्षकार ‘दिनांक पडला’ म्हणाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. त्याला ‘काय झालं?’ विचारा. ‘काय व्हायचंय? तारीख पडली!’

क्रियापद बघा. लग्नाची तारीख ठरते, पगाराची उजाडते. कोर्टाची मात्र पडते. दरड पडते तशी! खाली उभे असणाऱ्याला कोण विचारतो?

अरबीत ‘तारीख’ म्हणजे दिवस, आणि इतिहाससुद्धा. विजापूरच्या आदिलशाहीत बसून फिरिश्त्याने लिहिलेला इतिहास ‘तारीख-इ-फिरिश्ता’ म्हणूनच ओळखतात. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने एक दिवाणी दावा लावावा. तारखांचा आपोआप इतिहास होतो.

आमच्या पुण्याला याचा अनुभव दांडगा. बाबा महाराज १८९७ साली वारले. त्यांच्या इस्टेटीचे आणि दत्तकाचे ताईमहाराज प्रकरण लोकमान्यांच्या गळ्यात पडले. मधल्या काळात ते मंडालेला जाऊन सहा वर्षे काढून आले, तरी दावा आपला जागच्या जागी! लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला तो १९१५ साली.

पण हा म्हणजे पोरखेळ. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात पुण्याच्या एका दाव्याची नोंद आहे. मालोजी थोरात यांनी तो लावला १२०५ साली आणि निकाल लागला २८ एप्रिल १९६६ रोजी. ७६१ वर्षे! दावा लागला तेव्हा ज्ञानेश्वरी व्हायला पंचाऐंशी वर्षे अवकाश होता आणि महाराष्ट्रात फारसी दरबारही आला नव्हता. म्हणजे बहुधा ‘तारीख’ हा शब्द यायच्या आधीपासूनच तारखा पडत होत्या! भांडण जमिनीचे नव्हते, पैशाचे नव्हते. समारंभात अध्यक्षस्थान कोणाचे आणि उत्सवात पहिला मान कोणाचा, एवढेच.

हसू येते खरे. २००२ पासून दिवाणी कायद्यात एका पक्षाला तीनापेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असा नियम आहे. पुढे सुप्रीम कोर्टाने, नाइलाजाचे कारण असेल तर अपवाद करता येतो, असे सांगितले. नाइलाज कोणाला नसतो हो?

थोरातांच्या वंशजांना १९६६ साली मान मिळाला. चांगलेच झाले. पण तो मागितला होता मालोजींनी. कोर्टाच्या पायरीवर डबा उघडून बसलेल्या म्हाताऱ्यांना पाहिले, की मला हेच आठवते. निकाल आज ना उद्या लागेल. तो ऐकायला ज्याने दावा लावला तो असायला हवा.