खिशातील लेखणी आणि दिलेला शब्द

माणूस अंगावर जे अलंकार वागवतो, त्यांतील बहुतेकांचे काम केवळ शोभेचे असते. अंगठी बोटात शोभते, साखळी गळ्यात शोभते. त्यांनी याहून अधिक काही करावे अशी कोणाची अपेक्षा नसते. घड्याळ आणि लेखणी या दोन वस्तू मात्र अलंकारही आहेत आणि अवजारही. त्यांतही घड्याळ साऱ्यांना एकच वेळ दाखवते. लेखणी ज्याच्या हाती जाईल त्याचाच शब्द कागदावर उमटवते. जुन्या घडणीच्या शाईपेनांविषयी जगभर जे आकर्षण आढळते, त्याचे मूळ या दुहेरी स्वभावात आहे, असे आम्हांस वाटते. त्या आकर्षणाचा इतिहास थोडक्यात पाहावा, आणि भेट म्हणून दिलेल्या लेखणीचा खरा अर्थ काय याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शाई पोटात साठवणारी लेखणी असावी, ही इच्छा फार जुनी आहे. दहाव्या शतकातील फातिमी खलिफा अल-मुइझ्झ याने दौत न लागणारी, बाहीत ठेवली तरी वस्त्राला डाग न पाडणारी लेखणी घडवण्याची आज्ञा केली आणि तशी सोन्याची लेखणी तयारही झाली, अशी नोंद त्याच्या दरबारातील न्यायाधीश अल-नुमान याने करून ठेवली आहे. ती लेखणी आज उरलेली नाही. परंतु तिच्या वर्णनात पुढील हजार वर्षांची सारी अपेक्षा सामावलेली आहे. लेखणी जवळ बाळगता यावी, ती सुंदर असावी आणि तिने कपडे खराब करू नयेत!

यांतील शेवटची अट सर्वांत अवघड ठरली. १८२७ साली पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने अशा लेखणीचे पेटंट मिळवले, तरी अडचण संपली नाही. बंद नळीतून शाई बाहेर यावयाची तर तिच्या जागी हवा आत शिरली पाहिजे. हवा कमी शिरली तर लेखणी कोरडी पडते. एकदम शिरली तर कागदावर शाईचे थारोळे होते. न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन याने १८८४ साली पेटंट घेतलेल्या रचनेत निबेखालच्या जिभेला बारीक चिरा पाडल्या आणि शाईचे उतरणे व हवेचे चढणे यांचा मेळ घातला. वॉटरमन विमा एजंट होता. करारपत्रावर शाई सांडल्यामुळे हातचे गिऱ्हाईक गेले आणि त्या चिडीतून त्याने हा शोध लावला, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती कंपनीच्याच नंतरच्या जाहिरातींतून रुजलेली गोष्ट आहे. तिला इतिहास म्हणता येणार नाही. तरीही ती लोकांना पटली, कारण सही करण्याचा क्षण हा शब्द देण्याचा क्षण असतो, आणि त्या क्षणी दगा देणारी लेखणी कोणालाच नको असते.

या पेनांच्या सोनेरी निबेविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली त्या काळची शाई आम्लधर्मी असे. ती पोलादाची निब हळूहळू खाऊन टाकी. सोन्याचे मात्र ती काही बिघडवू शकत नसे. म्हणून निब चौदा कॅरट सोन्याची करीत. सोने मऊ, ते घासून झिजू नये म्हणून तिच्या टोकाला इरिडियम, ऑस्मियम अशा अतिकठीण धातूंचा कण जोडीत. म्हणजे ज्या सोन्याकडे आज आपण ऐश्वर्य म्हणून पाहतो, ते तेथे मिरवण्यासाठी आलेच नव्हते; ते सेवेसाठी आले होते. असा कठीण टोकाचा कणसुद्धा वर्षानुवर्षे एकाच हाताखाली, एकाच कोनात घासून सूक्ष्म प्रमाणात झिजतो. जुन्या पेनाचा मालक ते दुसऱ्याच्या हाती देण्यास कुरकुरतो, त्यामागे केवळ लहर नसते.

आरंभीची बहुतेक पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची, आणि काळ्या रंगाची होती. शाई भरण्यास ड्रॉपर लागे, आणि पेन खिशात आडवे झाले तर सदरा गेलाच. वॉटरमन कंपनीने १९०५ च्या सुमारास टोपणाला क्लिप बसवली आणि लेखणी खिशाच्या काठावर सर्वांना दिसेल अशी उभी राहिली. स्त्रियांच्या पोशाखाला खिसे नसत, म्हणून त्यांच्यासाठी टोपणाला कडी असलेली लहान पेने निघाली. ती फितीत किंवा साखळीत ओवून गळ्यात घालीत. लेखणी अक्षरशः दागिना झाली ती अशी. आयोवा राज्यातील जवाहिऱ्या वॉल्टर शेफर याने बाजूच्या छोट्या दांडीने शाई ओढून घेणाऱ्या पेनाचे पेटंट १९०८ साली घेतले आणि ड्रॉपरची गरज संपवली. हा शोध एका जवाहिऱ्याच्या दुकानातून यावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

रंगाची क्रांती १९२१ साली झाली. अमेरिकेतील जेन्सव्हिल येथील पार्कर कंपनीने ड्युओफोल्ड नावाचे मोठे, लालभडक पेन सात डॉलरला बाजारात आणले आणि त्याची पंचवीस वर्षांची हमी दिली. त्या काळी ही किंमत थोडी नव्हती. तरी लोकांनी ते आनंदाने घेतले. पुढे सेल्युलॉइड आले आणि हिरवी, निळी, मोतिया, संगमरवरी छटांची पेने निघू लागली. जपानमध्ये नामिकी कंपनीच्या कारागिरांनी पेनावर लाखेचे थर देऊन त्यांत सोन्याच्या भुकटीने पक्षी, मासे, फुले रेखाटली, आणि १९३० पासून लंडनच्या डनहिल कंपनीमार्फत ती पाश्चात्य देशांत भेटवस्तू म्हणून गाजली.

जर्मनीतील हॅनोव्हर येथील पेलिकन कंपनीचे पहिले शाईपेन १९२९ साली निघाले. त्याच्यावर घरट्यातील पिलांसह बसलेल्या पेलिकन पक्ष्याचे चिन्ह असे. कंपनीचे प्रमुख ग्युंथर वाग्नर यांनी आपल्या घराण्याचे हे चिन्ह १८७८ सालीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. आम्हां ख्रिस्ती जनांस ते परके नाही. आपल्या चोचीने छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन हे प्रभू येशूच्या आत्मबलिदानाचे प्राचीन प्रतीक आहे. संत थॉमस अक्विनस यांनी पवित्र साक्रामेंतावरील आपल्या स्तोत्रात ख्रिस्ताला याच नावाने आळवले आहे. कित्येक चर्चमधील वेदीवर कोरलेले हे चिन्ह असंख्य लोकांनी नकळत आपल्या खिशात वागवले आहे.

आपल्या देशात शाईपेन आले ते परदेशी वस्तू म्हणून, आणि म्हणूनच स्वदेशीच्या काळात त्याच्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहिला. राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या आवाहनावरून देशी पेन घडवण्याचा ध्यास घेतला. त्यांचे पेन वर्धा येथील अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते गांधीजींकडे पोहोचले. हे कुमारप्पा तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील, लंडन आणि न्यूयॉर्क येथे शिकलेले अर्थतज्ज्ञ होते. विलायती पोशाख टाकून त्यांनी खादी पत्करली होती. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले आणि बाजारातील विदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, असे कळवले. येथे भेटीचे मोल सोन्याने वा लाखेने वाढलेले नाही. देणाऱ्याचे श्रम आणि घेणाऱ्याची निष्ठा यांची त्या पेनात गाठ पडली, हेच त्याचे मोल.

भेट दिलेल्या लेखणीचे आणखी एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचे आहे. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात मिसुरी या युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीचा स्वीकार करताना जनरल मॅकआर्थर यांनी अनेक पेने वापरली. पहिले पेन त्यांनी मागे उभ्या असलेल्या जनरल वेनराइट यांना दिले आणि दुसरे जनरल पर्सिव्हल यांना. एकाने १९४२ साली फिलिपाइन्समध्ये आणि दुसऱ्याने त्याच वर्षी सिंगापुरात जपानपुढे शरणागती पत्करली होती. दोघांनीही तीन वर्षांहून अधिक काळ बंदिवास भोगला होता. ती दोन साधी पेने होती. पण पराभवाचा कलंक माथी घेऊन जगलेल्या दोन माणसांना त्या क्षणी याहून मोठा सन्मान कोणता देता आला असता?

त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, न्यूयॉर्कच्या गिम्बल्स या दुकानात बॉलपेनची विक्री सुरू झाली. आरंभी महाग असलेले हे पेन पुढे इतके स्वस्त झाले की शाईपेनाची रोजची गरजच उरली नाही. आणि गरज संपल्यावर त्याचे अलंकारपण वाढले. आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना ही अवस्था चांगली परिचित आहे. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते त्या दशकांत जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीस गेलेला मामा सुटीवर येताना पार्कर किंवा शेफर पेन आणी. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भाच्याला, दृढीकरणाच्या दिवशी धर्मपुत्राला, गुरुदीक्षा घेणाऱ्या नवधर्मगुरूला ते दिले जाई. पुष्कळदा असे पेन मखमली पेटीतून निघून पुन्हा पेटीतच जाई. 'चांगले आहे, हरवेल' या काळजीपोटी त्याने कधी एक ओळही लिहिली नाही!

येथेच आम्हांला थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. न लिहिणारी लेखणी ही दागिन्याहूनही गरीब वस्तू आहे. ख्रिस्तसभेने लिखित शब्दाला केवढे महत्त्व दिले आहे ते पाहा. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी काढलेल्या आज्ञेनुसार प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची वही ठेवून तीत वधू-वरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ लिहिणे बंधनकारक झाले. कोणा मुलीने नंतर फसवली गेल्याची तक्रार करू नये, गुप्त विवाहाच्या आडून कोणी शब्द फिरवू नये, यासाठी ती शाईची ओळ पहारा देते. वधू-वर जेव्हा वहीवर सही करतात, तेव्हा त्यांच्या हातातील पेन काही क्षणांपुरते वेदीवरील वचनाचे साक्षी बनते. लग्नात पेन भेट द्यावयाचे असेल, तर ते आधी द्यावे आणि त्याची पहिली सही त्या वहीत पडावी, असे आम्ही सुचवू.

तसेच, सर्वांत मोलाची भेट नवीन पेन हीच असते असे नाही. आजोबांचे, मावशीचे, निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांचे जुने पेन कपाटाच्या खणात पडलेले असते. ते विकून चार पैसे येतीलही. पण त्याआधी ते दुरुस्त करून पाहावे. निबेचा भाग साध्या थंड पाण्यात भिजवला की वाळलेली शाई सुटते. आतील रबराची पिशवी कडक झालेली असल्यास जाणकाराकडून बदलून घेता येते. कढत पाणी वापरू नये, जोर लावून पिळू नये, सेल्युलॉइडचे पेन विस्तवाजवळ नेऊ नये आणि चित्रकलेची घट्ट शाई त्यात भरू नये. मग ते पेन, शाईची बाटली आणि त्याच पेनाने लिहिलेले एक पत्र असे तिन्ही नातवंडाच्या हाती द्यावे. पेन कोणाचे होते, त्याने त्यातून काय लिहिले, हे त्या पत्रात असावे. एरवी दुसऱ्या पिढीला त्यात केवळ एक जुनी नळी दिसेल.

संत योहानाचे तिसरे पत्र नव्या करारातील अगदी छोट्या पत्रांपैकी एक आहे. त्याच्या शेवटी तो लिहितो की सांगण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु शाई-लेखणीने ते लिहावे असे त्याला वाटत नाही. समोरासमोर भेटूनच बोलायचे आहे. हे सांगण्यासाठीही त्याला लेखणीच हाती घ्यावी लागली! माणूस जेथे पोहोचू शकत नाही तेथे त्याच्या वतीने जाणे, हे लेखणीचे काम आहे. आजोबा उरत नाहीत, मामा दूर देशी असतो. त्यांनी दिलेल्या पेनाने एक खरा शब्द लिहिला गेला, तर भेट पोहोचली असे समजावे.